पेठेतला देखावा आणि फेअरलाइटचा पडसाद

पुण्याच्या पेठांमधील गणेश मंडळांच्या जिवंत देखाव्यांसाठी ध्वनिफीत आणि तिच्या जोडीने मागच्या पडद्यावर चालणारी चित्रफीत तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले आणि रंगमंचावरचे कार्यकर्ते त्या संवादांवर ओठ हलवून अभिनय करणारे, ही या प्रकाराची रीत पुणेकरांना नव्याने सांगायला नको. संहितेचे वाचन झाले की बैठकीतले कोणी ज्येष्ठ कार्यकर्ते हमखास म्हणतात, "आवाजाला जरा इको टाका, म्हणजे वजन येतं." ते वजन आणण्यासाठी मी गेले तीन हंगाम ‘दा विंची रिझॉल्व’ या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील ‘फेअरलाइट’ हा ध्वनिविभाग वापरतो आहे. हे परीक्षण संवादाला पडसाद देणे या एकाच कामापुरते आहे, त्यामुळे रिझॉल्व ज्यासाठी अधिक प्रसिद्ध आहे त्या रंगसंस्काराविषयी मी येथे लिहिणार नाही.

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीची एवढी सखोल सोय कशी, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. फेअरलाइट ही १९७५ साली सिडनीत सुरू झालेली, संगणकावर आधारलेली संगीतवाद्ये आणि पुढे ध्वनिसंपादनाची यंत्रणा बनवणारी कंपनी होती. रिझॉल्व मुळात बनवणारी दा विंची ही कंपनी २००९ मध्ये ताब्यात घेणाऱ्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २०१६ मध्ये फेअरलाइटही घेतली आणि २०१७ च्या चौदाव्या आवृत्तीपासून तिची यंत्रणा रिझॉल्वमध्ये एक स्वतंत्र पान म्हणून आली. म्हणूनच येथे आवाजाला शेवटी जोडलेल्या शेपटासारखी वागणूक मिळत नाही. मिक्सर, बस (अनेक ट्रॅकचे आवाज एकत्र नेणारी वाट), प्रत्येक ट्रॅकचा स्वतःचा ईक्यू (आवाजातल्या जाड-बारीक कंप्रता कमी-जास्त करण्याची सोय) असे सारे ध्वनिमुद्रण-कक्षातले साहित्य हाताशी असते.

आपल्याकडे ‘इको’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि निम्मी गफलत तिथेच होते. वीस अंश तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरांवर असेल तर आवाज जाऊन-येऊन चौतीस मीटर कापतो आणि एक दशांश सेकंदाने परततो. एवढ्या अंतराने आलेला शब्द कान वेगळा ओळखतो. हा प्रतिध्वनी. विजापूरच्या गोलघुमटाखाली टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते, ते याचेच उदाहरण. याउलट लहान दगडी गाभाऱ्यात ओंकार म्हटला तर त्याची वेगळी आवृत्ती ऐकू येत नाही. चारी बाजूंनी आलेली असंख्य परावर्तने इतकी लगोलग पोचतात की ती मूळ आवाजात मिसळतात आणि मागे एक लांबट घुमारा राहतो. फेअरलाइटमध्ये पहिल्या गोष्टीसाठी ‘इको’ आणि ‘डिले’ ही दोन साधने आहेत आणि दुसऱ्यासाठी ‘रिव्हर्ब’ आहे. मंडळात ‘इको टाका’ म्हणणाऱ्यांना दहापैकी सात-आठ वेळा हा घुमारा हवा असतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे मी आता आधी विचारतो, "शब्द परत यायला हवा, की आवाज मोठ्या दालनातला वाटायला हवा?"

गेल्या वर्षीच्या देखाव्याचा विषय नारायणराव पेशव्यांचा वध हा होता. ही घटना ३० ऑगस्ट १७७३ ची, म्हणजे गणेशोत्सवाच्याच दिवसांतली, आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक पुण्यात लहान मुलालाही ठाऊक असते. या हाकेला पडसाद हवा याविषयी मंडळात दुमत नव्हते. माझ्यापुढचा प्रश्न मात्र असा होता की शनिवारवाड्यात हा आवाज खरोखर कसा घुमला असेल? १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले आणि आज तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. पण ते महाल लाकडी बांधणीचे होते. लाकडी तक्तपोशी, बैठकी, पडदे अशा दालनात आवाज लवकर विरतो. दगडी लेण्यासारखा तो लांबत नाही. म्हणून नारायणरावांच्या धावण्याच्या प्रसंगात मी रिव्हर्बमध्ये मध्यम आकाराचे दालन घेतले आणि निनादाचा काळ, म्हणजे घुमारा विरायला लागणारा वेळ, एका सेकंदाच्या आत ठेवला. फेअरलाइटच्या रिव्हर्बची मला सर्वांत आवडलेली बाब हीच आहे की तेथे खोलीची लांबी, रुंदी आणि उंची देता येते आणि पडद्यावर त्या खोलीची रेखाकृती समोर दिसते. एका ओळखीच्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना पावलांनी मोजून ती मापे मी आधार म्हणून भरली, आणि पहिल्याच प्रयत्नात आवाज त्या जागेत जाऊन बसला. नुसते ‘हॉल’ किंवा ‘रूम’ असे तयार पर्याय निवडून हे समाधान मिळत नाही.

शेवटची हाक मात्र वेगळी. ती वास्तवातली राहत नाही, ती दोन-अडीचशे वर्षे लोकांच्या मनात राहिलेली हाक आहे, आणि म्हणून तिथे शब्द परत यायलाच हवा. येथे मी इको वापरला आणि तीन संध्याकाळी त्या एका ओळीवर घालवल्या. अडचण ‘वाचवा’ या शब्दात होती. त्यातला ‘च’ आपण दाताजवळ उच्चारतो, तो ‘त्स’कडे झुकलेला असतो, आणि त्यात वरच्या पट्टीची चरचर भरपूर असते. संपूर्ण ओळीला इको दिला की मूळ आवाजात बोचत नसलेला हा ‘च’ प्रत्येक आवर्तनात पत्र्यावर खडा पडावा तसा टोचू लागतो. शिवाय ‘काका’चा पडसाद ‘मला’वर येतो, ‘मला’चा ‘वाचवा’वर, आणि तीन शब्दांची ती आर्त हाक गर्दीतल्या गोंगाटासारखी ऐकू येते. अखेरीस मी ओळीचा तुकडा ‘च’ संपून ‘वा’ सुरू होतो त्या जागी कापला. लाटेची रेघ मोठी करून पाहिली की ती जागा डोळ्यांनाही दिसते: ‘च’चा भाग दाट, खरबरीत असतो आणि ‘वा’ सुरू होताच लाटा गोलसर, नियमित होतात. मग केवळ त्या ‘वा’ची प्रत खालच्या वेगळ्या ट्रॅकवर ठेवून पडसाद तेवढ्यालाच दिला. लांब ‘आ’ हा पडसादासाठी उत्तम स्वर आहे. तो परत येतो तेव्हा शब्द ओळखू येतो आणि काहीही टोचत नाही.

फीडबॅकच्या आकड्याविषयीही थोडे सांगायला हवे, कारण नवशिक्यांचा हात तेथेच सैल सुटतो. फीडबॅक म्हणजे परत आलेल्या आवाजाचा किती भाग पुन्हा आत पाठवायचा, ते प्रमाण. तत्त्वतः पस्तीस टक्के ठेवले तर प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा साधारण नऊ डेसिबलने खाली येते; तिसरे आवर्तन पहिल्यापेक्षा अठरा डेसिबल खाली असते आणि पार्श्वसंगीताच्या आत मावळते. सत्तर टक्के ठेवले तर प्रत्येक वेळी फक्त तीन डेसिबल कमी होतात, म्हणजे तेवढे खाली यायला सात आवर्तने लागतात आणि पुढच्या पात्राचे वाक्य त्या ढिगाऱ्याखाली गाडले जाते. मला तीन पडसाद हवे होते आणि पस्तीस टक्क्यांवर ते मिळाले.

आता एका अपघाताविषयी, जो माझ्या अपुऱ्या माहितीमुळे घडला आणि ज्यातून या सॉफ्टवेअरची खरी ताकद मला कळली. रिझॉल्व वापरायला घेतले त्या पहिल्या हंगामात मी इको उचलून थेट क्लिपवर, म्हणजे ट्रॅकवरच्या ध्वनीच्या तुकड्यावर, टाकला. क्लिपवर टाकलेला परिणाम क्लिपबरोबरच संपतो. त्या वर्षीच्या देखाव्यातली हाक संपते तेथेच क्लिप संपत होती, त्यामुळे पडसाद सुरू होण्याआधीच तोडल्यासारखा थांबला. घरी घाईत काम करताना पार्श्वसंगीताखाली ते माझ्या लक्षात आले नाही. पहिल्या प्रयोगाला मात्र दिवे मालवले गेले, संगीत थांबले आणि जिथे हाक घुमायला हवी होती तिथे ठार शांतता पसरली. समोर बसलेल्या प्रेक्षकांना काही चुकले हे कळलेही नसेल, पण तो क्षण हातातून गेला याचे मला फार वाईट वाटले.

यावरचा सोपा उपाय म्हणजे इको क्लिपऐवजी ट्रॅकच्या मथळ्यावर टाकणे, म्हणजे क्लिप संपली तरी शेपूट चालू राहते. अधिक चांगला उपाय बसचा आहे. मिक्सरमध्ये एक वेगळी बस तयार करायची, तिच्यावर इको ठेवायचा, त्यात मूळ आवाजाचे प्रमाण शून्य आणि पडसादाचे शंभर टक्के करायचे, आणि मग ज्या ट्रॅकला जेवढा पडसाद हवा तेवढा त्याच्या ‘बस सेंड’मधून पाठवायचा. यात दोन फायदे होतात. एक म्हणजे मूळ संवाद स्वच्छ राहतो आणि पडसादाची पातळी एका स्वतंत्र फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावर) येते. मंडळाचे अध्यक्ष शेजारी बसून "थोडा कमी, अजून थोडा" म्हणू लागले तर एकच बोट हलवावे लागते. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. त्या बसच्या ईक्यूमध्ये साडेतीन-चार हजार हर्ट्झच्या वरचा आणि दोनशेच्या खालचा भाग उतरवला की पडसाद दूर जातो. खऱ्या जगात भिंतीवरून परतणारा आवाज मूळ आवाजाइतका लख्ख कधीच नसतो. वरच्या कंप्रता वाटेत आणि भिंतीत अधिक झिजतात. सॉफ्टवेअरचा पडसाद खोटा वाटतो त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते की तो मूळ आवाजाची हुबेहूब प्रत असतो.

व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्येच हे काम करण्याचा एक लाभ चित्राशी मेळ घालताना दिसतो. सेकंदाला पंचवीस चौकटी असतील तर एक चौकट चाळीस मिलिसेकंदांची होते. मी पडसादाचे अंतर ३२० मिलिसेकंद ठेवले, म्हणजे बरोबर आठ चौकटी. पडद्यावरच्या मशालीची ज्योत मी त्याच आठव्या, सोळाव्या आणि चोविसाव्या चौकटीवर एकेक पायरी मंद केली. हाक तीनदा परतते आणि प्रत्येक परतीबरोबर प्रकाश ओसरतो. सारे एका सेकंदात घडते. आवाज एका सॉफ्टवेअरमध्ये आणि चित्र दुसऱ्यात असते तर एवढी बारीक जुळणी मी केली नसती. ढोल किंवा टाळ पार्श्वभूमीला असेल तेव्हा साठ हजाराला दर मिनिटाच्या ठोक्यांनी भागून अंतर काढावे. ऐंशीच्या लयीला ७५० मिलिसेकंद येतात, आणि त्याच्या निम्म्यावर पडसाद ठेवला तरी तो तालात राहतो.

या सगळ्यानंतरही एक गोष्ट उरते, जी कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हातात नाही: पेठेतला रस्ता. मंडपातल्या स्पीकरसमोर साडेआठ मीटरांवर दुसऱ्या बाजूच्या इमारतीची भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून पन्नास मिलिसेकंदांत परततो. त्यात मंडळाने गर्दीसाठी पन्नास मीटरांवरच्या कोपऱ्यावर दुसरा स्पीकर लावला असेल, तर त्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मंडपातला तोच संवाद सुमारे १४६ मिलिसेकंद उशिराने पुन्हा ऐकू येतो. म्हणजे रस्ता आधीच इको देत असतो. हेडफोन लावून बंद खोलीत काम करताना हा रस्ता कानाला नसतो, म्हणून हात सढळ होतो आणि मंडपात गेल्यावर शब्द कळेनासे होतात. मी आता एकाच टाइमलाइनच्या दोन प्रती ठेवतो. मोबाइलवर पाहण्यासाठीच्या प्रतीत पडसाद पूर्ण असतो. रस्त्यासाठीच्या प्रतीत पडसादाची बस सहा डेसिबल खाली आणि संवादांवरचा रिव्हर्ब जवळपास नाहीच. निवेदकाच्या आवाजाला तर दोन्हींत काहीही लावत नाही. सन, तिथी, नावे सांगणारा आवाज घुमू लागला की मागच्या रांगेतल्या आजी शेजारच्याला "काय म्हणाला?" असे विचारतात, आणि तेवढ्यात पुढचे वाक्य निघून जाते.

अन्य साधनांशी तुलना थोडक्यात करतो. ‘ऑडॅसिटी’ हे मोफत आणि हलके सॉफ्टवेअर आहे. त्याच्या इकोमध्ये पडसादाचे अंतर आणि ऱ्हासाचे प्रमाण असे दोनच आकडे भरायचे असतात, त्यामुळे शिकण्यासाठी ते आदर्श आहे. तिथेही शेपटाची अडचण आहे: निवडलेल्या भागाची लांबी वाढत नाही, म्हणून आधी शेवटी शांततेचा तुकडा जोडावा लागतो. चित्र समोर नसल्याने मशालीसारखा मेळ मात्र तिथे घालता येत नाही. ‘ॲडोबी प्रीमियर’मध्ये डिले आणि स्टुडिओ रिव्हर्ब ही साधी, विश्वासू साधने आहेत, पण ते वर्गणी भरत राहून वापरायचे सॉफ्टवेअर आहे, आणि वर्षातले दोन-तीन महिनेच हे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला तो हिशेब जुळत नाही.

रिझॉल्वची मूळ आवृत्ती मोफत आहे आणि वर सांगितलेले इको, डिले, रिव्हर्ब, बस, ईक्यू हे सर्व त्या मोफत आवृत्तीतच मिळते. पैसे देऊन घ्यायची स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरची, एकदाच भरायची आहे. गोंगाटातून संवाद वेगळा काढणारे ‘व्हॉइस आयसोलेशन’ तिच्यात आहे, पण केवळ पडसादासाठी ती घेण्याचे काहीही कारण नाही. बाहेरचे व्हीएसटी प्लगइनही (इतरांनी बनवलेली, वरून जोडायची ध्वनिसाधने) येथे चालतात, त्यामुळे कोणाला जुन्या टेप इकोचा थरथरता, मळकट पडसाद हवा असेल तर तोही जोडता येतो.

उणिवाही आहेत. संगणक दणकट लागतो. कंपनीच सोळा जीबी मेमरी सांगते, आणि मंडळाच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर याची अपेक्षा ठेवू नये. माहितीपुस्तिका तीन हजारांहून अधिक पानांची, इंग्रजीत आहे, आणि मेनू मराठीत नाहीत. मंडळांमधली हुशार मुले हे काम हौसेने शिकू पाहतात, त्यांना ‘सेंड’, ‘बस’, ‘वेट’ (परिणाम लावलेला आवाज), ‘ड्राय’ (मूळ आवाज) या शब्दांची भिंत ओलांडायलाच एक महिना जातो. इको आणि डिले ही दोन वेगळी साधने का ठेवली आहेत, हेही नव्या माणसाला पडद्यावरून उमगत नाही. माझा सल्ला असा की आधी डिलेवर हात बसवावा आणि कमी वेळांच्या, म्हणजे तीस मिलिसेकंदांच्या आतल्या अंतराने आवाज नुसता जाड कसा होतो ते ऐकावे. मग हळूहळू अंतर वाढवत न्यावे आणि कोणत्या क्षणी एका आवाजाचे दोन होतात ते स्वतःच्या कानांनी पकडावे. तो क्षण एकदा ओळखता आला की पुढचे सारे आकडे आपोआप अर्थपूर्ण वाटू लागतात.

गेल्या वर्षी देखाव्याच्या आदल्या रात्री, ध्वनिक्षेपक बंद करण्याची दहाची वेळ होण्याआधी आम्ही चाचणी घेतली. मी मंडपापासून चाळीस पावलांवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा होतो. हाक आली, ‘वा’ तीनदा परतला, तिसरा समोरच्या इमारतीच्या भिंतीत विरला, आणि मग पडद्यावरची ज्योत गेली. मंडपातून ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी हात वर करून विचारले, "इको वाढवायचा का?" मी मान हलवून नको म्हटले, आणि या वेळी त्यांनीही आग्रह धरला नाही.